सुनंदाच्या पिशवीतली पेडलं

बाईच्या पिशवीत काय काय सापडतं हे मला कुणी सांगायला नको. नागावात येणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालण्यात माझी उमर गेली, पिशव्या पुष्कळ बघितल्या. कोथिंबीर, गोळ्यांची पट्टी, केसांचे चाप, कालचं उरलेलं थालीपीठ. पण कोथिंबिरीच्या जुडीखाली सायकलची दोन पेडलं, एक पाना आणि बामची डबी घेऊन फिरणारी बाई मी एकच बघितली. आमच्या कुंपणापलीकडची सुनंदा.

गावात तिला ‘अण्णाची बायको’ म्हटलं की पटकन कळतं. अण्णाला कोण ओळखत नाही! देवळाच्या कमिटीत अण्णा, ग्रामसभेत अण्णा, कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडं आणायला पुढे अण्णा. कंपनीत फिटर होता, निवृत्त होईपर्यंत. आवाज कधी चढवणार नाही, बायकांशी बोलताना मान खाली. “अण्णासारखा नवरा मिळायला नशीब लागतं,” असं माझ्या तोंडावर म्हणणाऱ्या बायका आहेत. त्यांना आमटी वाढताना माझा हात जरा आखडायचा, खोटं कशाला सांगू.

सुनंदा चणीनं बारीक. बोलणं कमी आणि त्यातही अर्धं बोलणं म्हणजे ‘असू दे’. पावसानं वाळत घातलेली आमसुलं भिजवली, असू दे. नारळ चोरीला गेले, असू दे. मला या ‘असू दे’चा असा संताप यायचा! “अगं, किती असू देशील?” म्हणून मी खेकसले की ही तोंडावर पदर धरून हसणार. पण सायकलवर बसली की बाई निराळी. पूर्वी ती आक्षीच्या बालवाडीत शिकवायची तेव्हा रोज सायकलनं जायची, आणि रस्त्यात कुत्रं आलं तरी घंटी, वळण आलं तरी घंटी, काही नाही आलं तरी घंटी. पोरं तिला टिंगटिंगबाई म्हणायची. मग अण्णाला वाटलं की आता घरचं बघायला हवं. सोडली बालवाडी. असू दे.

त्यांना एकच मुलगी, रेवती. तिनं चौलच्या इम्तियाजशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा सरळ, हाताला काम असलेला. चौल नाक्यावर शनिवार-रविवारच्या मुंबईकरांना सायकली भाड्यानं द्यायची त्याची टपरी. पण अण्णाच्या लेखी मुलगी त्या दिवशी मेली. त्यानं आरडाओरडा केला नाही की दार आपटलं नाही. भिंतीवरचा तिचा फोटो काढला, त्याच खिळ्याला पंचांगाचं कॅलेंडर अडकवलं, आणि आठवडा उलटायच्या आत त्याला सुनंदाच्या सायकलला लागणाऱ्या गंजाची काळजी वाटायला लागली. इतकी वर्षं ती सायकल पडवीत गंजत होती तेव्हा हा कुठं होता, देव जाणे!

मला कुंपणावरून समजावून सांगायचा. “वहिनी, समुद्र दोन वाड्या टाकून. खारी हवा. पेडल एकदा क्रँकमध्ये, म्हणजे त्या फिरणाऱ्या दांड्यात, धरून बसलं की हातोडा घ्या नाहीतर देव पाण्यात घाला, निघायचं नाही. त्यापेक्षा काढून, आट्यांना ग्रीस लावून ठेवलेलं बरं.”

यातला शब्दन् शब्द खरा होता, हीच तर गोम. खोटं बोलणाऱ्याला माणूस कधीतरी पकडतो. हा खरं बोलून केसानं गळा कापत होता, त्याला कुठं पकडणार?

पेडलं त्याच्या हत्यारांच्या पेटीत, पेटीला कुलूप. सुनंदाला दळणाला जायचं असलं तरी आधी विचारायचं, “अहो, पेडलं देता का?” मग हा उठणार, पाना काढणार, पेडलं बसवणार आणि “सावकाश जा हं” म्हणणार. ती आली की पेडलं काढून पुन्हा पेटीत. कंपनीतल्या गेटपाससारखं सगळं. देवळात जायला पेडलं मिळायची, डॉक्टरकडे जायला मिळायची. चौलला जायला मिळायची नाहीत. तसं तो कधी बोलला नाही हां. तिनं विचारलं नाही आणि त्यानं नाही म्हटलं नाही.

एकदा बाई हिय्या करून मिनीडोरनं, आमच्याकडच्या त्या सहा आसनी रिक्षेनं, गेली लेकीला भेटायला. झालं! मिनीडोरवाले सगळे अण्णाला मानणारे. ही चौलला उतरायच्या आत इकडे ओटीवर खबर. संध्याकाळी परत आली तर अण्णा शांतपणे बसलेला. “चौलला कुणी आजारी आहे का?” एवढंच विचारलं. मग तीन-चार दिवस जेवला नाही. ताटावर बसायचा, ताट सरकवायचा, उठायचा. भांडणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं हो. उपाशी राहणाऱ्याचं काय करायचं? सुनंदाच्या डोळ्यांचं पाणी खळेना आणि गाव म्हणायला लागलं, “बिचारा अण्णा, काय दशा झाली.”

त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी पाहुण्यांची पानं उचलून, भांडी घेऊन मी मागच्या विहिरीकडे गेले, तर सुपारीच्या झाडांत कुणीतरी वाकलेलं. मी ओरडले, “कोण रे मेल्या तिकडे?”

“ओरडू नका हो मालूताई, मी आहे.”

बघते तर सायकल सुपारीला टेकवून उभी केलेली, पदर कमरेला खोचलेला, पाना हातात. गालाला काळं लागलेलं. लहान मुलाला चोरून गूळ खाताना पकडावं तसा चेहरा झाला होता तिचा.

“आणि पेडलं कुठली गं ही?”

“जावयानं दिली,” ती म्हणाली, आणि ‘जावई’ हा शब्द उच्चारताना अशी लाजली की मलाच भरून आलं. त्या मिनीडोरच्या फेरीत तिनं इम्तियाजला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, “आई, सायकल तुमची हाय ना? मंग पेडलाला कशाला कुनाला विचारायचं?” आणि भाड्याच्या एका सायकलची रुंद, सपाट, पाय घट्ट बसावा म्हणून वर बारीक खिळे असलेली पेडलं काढून त्यानं तिच्या पिशवीत टाकली होती.

अण्णा जेवून आडवा झाला की ही मागच्या पडवीतून सायकल काढायची, कुंपणाच्या फटीतून माझ्या वाडीत आणायची, पेडलं लावायची आणि आतल्या आतल्या वाटेनं चौल गाठायची. अण्णाला चहा लागायच्या आत परत. पेडलं काढली, पिशवीत टाकली, सायकल जागेवर. अण्णानं पडवीत डोकावलं तर लंगडी सायकल जशीच्या तशी उभी.

इम्तियाजनं तिला लावायचं कसं तेही शिकवलं होतं, आणि ते तिनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मला स्वयंपाकाइतकं पाठ आहे. “आई, डाव्याचे आटे उलटे असतात. नाय ध्यानात राहिलं तर एवढंच बघा, कुठली पन बाजू असो, सायकल उभी असताना पाना वरून पुढच्या चाकाकडे फिरला की घट्ट, मागच्या चाकाकडे फिरला की सैल. आनि पाना नंतर. अगोदर बोटांनी फिरवा. सुरसुर गेलं तर बरोबर. अडलं तर जोर नाय लावायचा, काढून परत बघायचं. जबरदस्ती केलीत की क्रँकचे आटे गेले, मंग कायबी केलंत तरी पेडल बसायचं नाय.”

डावं-उजवं ओळखायला पेडलावर अक्षरं असतात म्हणे, पण ती झिजलेली आणि हिचे डोळे अधू. म्हणून उजव्या पेडलाला तिनं कुंकवाचं बोट लावलं. मी हसले तर म्हणते कशी, “हसा. सवाष्ण आहे ते.”

खरं सांगायचं तर त्या पेडलांचं तिला वेडच लागलं होतं. समुद्राची वाळू आत शिरते म्हणून मधूनमधून माझ्या विहिरीवर बसून रॉकेलमध्ये धुवायची, आतले छर्रे मांडीवरच्या फडक्यात काढून पुसायची, आणि पुन्हा भरले की पेडल कानाशी धरून फिरवायची. “ऐका, ऐका मालूताई, वाळू अजून करकरतेय.” मला ऐकू यायचं नाही. पण ती आवाज बंद होईस्तोवर उठायची नाही. सुरुवातीला आट्यांना खोबरेल लावायची, ते टिकेना, म्हणून इम्तियाजनं बामच्या रिकाम्या डबीत ग्रीस भरून दिलं. नखं काळी झाली की अण्णाला सांगायची, सुपारी सोलली. खिळ्यांनी नडगी खरचटली की सांगायची, मांजरानं बोचकारलं. त्यांच्या घरात मांजर नव्हतं. अण्णानं एकदा विचारलंही, “कुठलं गं मांजर?” तर म्हणाली, “मालूताईंचं.” मग मला मेलं खरोखरीचं मांजर पाळावं लागलं!

रेवतीला मुलगी झाली, सना. मग तर काय, आठवड्यातून एकदोनदा तरी फेरी. परत आली की पेडलं काढता काढता बातम्या. आज तिनं माझं नाक धरलं. आज दात दाखवला. आज मला ‘नानी’ म्हणायच्या ऐवजी ‘टिंग’ म्हणाली, घंटी वाजवते ना मी. ते सांगताना बाई विसाव्या वर्षातली दिसायची. आणि मग कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेली की पुन्हा पदर खांद्यावर, मान खाली, असू दे.

पण चांगलं काही टिकतं का? एके दिवशी अण्णाचं डोकं दुखत होतं. त्यानं हिच्या पिशवीत हात घातला, बामची डबी काढली आणि त्यातलं बोटभर कपाळाला लावलं. अहो, जन्मभर फिटर असलेला माणूस! बोट कपाळाला लागायच्या आत त्याला कळलं असणार.

सुनंदा दुसऱ्या दिवशी मला सांगत होती. “त्यांनी वास घेतला. रुमालानं कपाळ पुसलं. म्हणाले, बाम जुना झालाय. आणि डबी परत पिशवीत ठेवली. पेडलं खालीच होती हो मालूताई, हात लागलाच असेल.”

“मग?”

“मग काही नाही. जेवले, झोपले.”

एक दिवस गेला, दोन गेले, दोन आठवडे गेले. अण्णा गप्प. ताटही सरकवलं नाही. सुनंदा भीत भीत चौलला जाऊन आली, तरी काही नाही. तेव्हा ती मला म्हणाली, आणि तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, “मला वाटतं, त्यांचा राग गेला. आजोबा झालेत ना. तोंडानं म्हणत नाहीत, पण मनातून सोडलाय राग.”

मला नव्हतं वाटत. पण तिच्या तोंडावर इतका उजेड होता की माझ्यासारखी फटकळ बाई गप्प बसली.

इम्तियाजला कतारला नोकरी लागली. तिघंही जाणार. रविवारी दुपारी गाडी येणार होती विमानतळावर न्यायला. रेवतीचा फोन माझ्या मोबाइलवर आला, कारण अण्णाच्या घरात फोन एकच आणि तो अण्णाच्या खिशात. “मावशी, आईला सांग, जेवण झाल्या झाल्या निघ म्हणावं. सनाला तिच्या मांडीवर थोडा वेळ देते.” आणि गावाला काय, आधीच माहीत होतं सगळं. देवळाच्या पायरीवरही त्याच गप्पा.

रविवारी सकाळी पाहुण्यांना चहा देताना मला अण्णा पलीकडच्या पडवीत दिसला. सायकलजवळ बसला होता, पाना हातात, जोर लावत होता. मला वाटलं, नेहमीचं ग्रीसपाणी चाललंय. मी म्हटलंसुद्धा, “काय अण्णा, रविवारीही ड्युटी?” तो वर न बघता म्हणाला, “हवा खारी ना, वहिनी.”

दुपारी सुनंदा सायकल घेऊन आली. नवी साडी नेसलेली, पिशवीत नातीसाठी नारळाच्या वड्या. उजवं पेडल सुरसुर बसलं. डावं लावायला गेली तर अडलं. काढलं, फडक्यानं पुसलं, परत लावलं. गेलं आत, पण लगेच लटलट हलायला लागलं आणि निघून हातात आलं. त्याच्याबरोबर लोखंडाचा चुरा पडला, ताजा, चकचकीत. तिनं भोकात करंगळी घालून बघितलं. आतले आटे चिरडून साफ झाले होते.

“मालूताई,” ती म्हणाली, “उजवं पेडल डावीकडे बसवलंय यात. जोर करून.”

मला सकाळी पडवीत जोर लावणारा अण्णा आठवला.

मी म्हटलं, रिक्षा बघते. फोन लावले. पण रविवारचं नागाव ते! मुंबईच्या मोटारी नाक्यापासून समुद्रापर्यंत एकाला एक चिकटलेल्या. एक रिक्षावाला म्हणाला, “आत्ती? तास तरी लागंल, न्हाय जमायचं.” दुसऱ्यानं फोनच घेतला नाही. माझ्या घरी स्कूटर नाही. सुनंदा मात्र खाली बसून पेडल लावतच होती. पुढे, पुढे, आणि परत ते हातात. पाच-सहा वेळा झालं असेल. मग उठली. डावं पेडल पिशवीत टाकलं, पिशवी हँडलला अडकवली आणि बसली सीटवर.

“अगं वेडे, एका पेडलावर?”

“रस्ता सपाट आहे,” ती म्हणाली.

आणि गेली. उजव्या पायानं पेडल खाली दाबायचं, चपलेच्या टोकानं उलटं वर आणायचं, पुन्हा दाबायचं. डावा पाय नुसता लोंबकळत होता. सुपारीच्या झाडांतून झोकांड्या खात जाताना दिसली, आणि दूरवर घंटी वाजलेली ऐकू आली. समोर कोण होतं कोण जाणे.

पोचली ती. पण गाडी गेली होती. इम्तियाजच्या आईनं तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. “मोटार खूप वेळ थांबवली हो, विमान चुकलं असतं. सना रडून रडून झोपली.” सुनंदानं वड्यांचा डबा त्यांच्याकडे दिला. उजवं पेडलही काढलं आणि दोन्ही पेडलं इम्तियाजच्या बंद टपरीच्या फळीवर ठेवली. मग सायकल हातात धरून चालत परत आली. अंधार पडायला आला होता. ओटीवर अण्णा म्हणाला, “दमलीस? बस. मी चहा ठेवतो.”

आणि ठेवलाही हो चहा, स्वतःच्या हातानं! हे कुणाला सांगायचं?

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कुंपणावरूनच विचारलं, “अण्णा, डाव्या क्रँकचे आटे कसे गेले हो?”

“चुकून उजवं पेडल तिकडे लावलं बहुतेक,” तो मान खाली घालून म्हणाला. “वय झालं, वहिनी.”

“फिटरची चूक ही?”

तो हसला. “माणूस आहे. होते चूक.”

पुढचं ऐका. त्याच आठवड्यात अण्णा अलिबागला जाऊन नवीन क्रँक घेऊन आला. दोन्हीकडे नवे. नवी पेडलंही आणली, रुंद, सपाट, खिळ्यांची, अगदी जावयाच्या पेडलांसारखी. ओटीवर चार माणसांसमोर बसवली आणि म्हणाला, “आता रोज काढत बसायला नको. कायमची राहू दे. जा तुला हवं तिथे.”

हवं तिथे! लेक चौलहून परदेशी गेल्यावर. कमिटीतले म्हातारे माना डोलवायला लागले, “बायकोसाठी एवढं कोण करतं, अण्णा!” माझ्या हातात त्या वेळी नारळ फोडायचा कोयता होता. नुसता होता म्हणते, दुसरं काही नाही.

सुनंदानं सायकलकडे बघितलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल ‘असू दे’. नाही म्हणाली. त्यानंतर तो शब्द तिच्या तोंडून मी ऐकलाच नाही.

पुढल्या वर्षी माझे गुडघे गेले. मुलानं मला पनवेलला नेलं, खानावळ बंद झाली. निघायच्या दिवशी संध्याकाळी तिचा निरोप घ्यायला कुंपणाशी गेले. माझा जुना मोबाइल तिच्या पिशवीत टाकला, कोथिंबिरीखाली, रेवतीचा नंबर घालून. कुठं लपवणार आहेस, हे विचारलं नाही. तिला लपवता येतं. तिनं माझा हात जरा वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, “थांबा, माझी वेळ झाली,” आणि ओटीकडे गेली.

ओटीवर कमिटीची माणसं चहा पीत होती, मध्ये अण्णा. सुनंदानं कोनाड्यातून त्याचा पाना घेतला, सायकलसमोर फतकल मारून बसली आणि सगळ्यांदेखत दोन्ही पेडलं काढली. घाई नाही, गडबड नाही. आटे फडक्यानं पुसले, बोटानं ग्रीस लावलं, पेडल कानाशी धरून एकदा फिरवलं. मग दोन्ही पेडलं नेऊन अण्णाच्या बशीशेजारी ठेवली.

“हवा खारी आहे,” ती म्हणाली. “धरून बसतात.”

हे ती रोज संध्याकाळी करायची. रोज सकाळी अण्णा ती पेडलं मुकाट्यानं परत लावायचा, कारण चार माणसांत ‘कायमची’ म्हणून बसला होता. आणि त्या सायकलवर ती त्या रविवारनंतर एकदाही बसली नव्हती.

कमिटीतला एक म्हातारा हसत म्हणाला, “अण्णा, वहिनी तर पक्क्या फिटर झाल्या की हो!”

सगळे हसले. सुनंदा आत निघून गेली. अण्णा कपात बघत बसला होता, आणि त्या कपातला चहा केव्हाच संपला होता.